घोडा महाग आहे, एवढ्यानं तो सुरक्षित होत नाही

पोलोच्या कारभारावर चर्चा सुरू झाली की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: ‘पोलोचे घोडे इतके महाग असतात की मालक त्यांना जिवापाड जपतोच. मैदानावर पंच असतातच. औषध-चाचण्या, पशुवैद्यांच्या तपासण्या, नवे नियम यांनी खेळ फक्त मंदावतो. आणि खेळाडू धोका पत्करूनच उतरतात, त्यांची चिंता इतरांनी करू नये.’ हे लिहिणारे पोलोवर प्रेम करणारे लोक आहेत. माझंही या खेळावर तितकंच प्रेम आहे, आणि म्हणूनच यातलं एकेक वाक्य तपासून पाहावंसं वाटतं.

सगळा डोलारा किमतीच्या मुद्द्यावर उभा आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच.

एप्रिल २००९. फ्लोरिडातलं वेलिंग्टन, यूएस ओपन पोलो स्पर्धा. लेचुझा काराकास संघाचे घोडे सामन्याआधी एकामागून एक कोसळू लागले. काही तर ट्रेलरमधून उतरवतानाच. एकूण २१ घोडे मेले. ते उपाशी नव्हते, त्यांना कुणी मारझोड केली नव्हती. थकवा लवकर भरून यावा म्हणून त्यांना जीवनसत्त्वं आणि खनिजं यांचं मिश्रण टोचलं होतं. औषधालयात ते तयार करताना सेलेनियमचं प्रमाण चुकलं आणि ते विषासारखं भिनलं. घोडे उत्तम होते, महाग होते आणि त्यांची काळजीही घेतली जात होती. ती काळजीच सुईतून त्यांच्या अंगात गेली.

त्या वेळी अमेरिकन पोलोत औषध-चाचणीची व्यवस्थाच नव्हती. ती या घटनेनंतर आली. चाचणी असती तर त्या सकाळची चूक पकडली गेली असती, असं मी म्हणणार नाही. चाचणी सामन्यानंतरच्या रक्ताची होते, बाटलीतल्या मिश्रणाची नव्हे. पण सामन्याआधी घोड्याला काहीतरी टोचण्याची जी सवय पागांमध्ये सहज रुळलेली होती, तिच्याकडे कुणी बाहेरून पाहतच नव्हतं. काय दिलं, किती दिलं, कुणी दिलं याची नोंद दाखवावी लागणार हे माहीत असलं की सुई उचलणारा हात जरा थबकतो. बाहेरच्या नियमाचा उपयोग तिथे होतो.

किमतीच्या युक्तिवादात याहून मोठं भगदाड आहे. घोड्याची किंमत तो पळतो तोवरच असते. पोलोत पायाच्या मागच्या बाजूच्या टेंडनची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याची, दुखापत नेहमीची. टेंडन फाटला की महिनोन्महिने विश्रांती, आणि पुष्कळदा पूर्वीचा वेग परत येतच नाही. त्या दिवशी किंमत कोसळते, पण घोडा मात्र पुढे कित्येक वर्षं जगायचा असतो. काळजीचं मूळ किमतीत असेल तर नेमकी गरज असते त्याच दिवशी ती आटते. म्हणून निवृत्त घोडा कुठे गेला, कुणाच्या ताब्यात गेला याची नोंद हवी. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक घोड्याला मायक्रोचिप सक्तीची आहे. ओळख पटवण्याची सोय झाली, आता पोलोच्या संघटनांनी ती घोड्याच्या पुढच्या आयुष्यासाठी वापरली पाहिजे.

शिवाय ‘महाग घोडे’ म्हणताना डोळ्यांसमोर येतं ते अर्जेंटिनातलं पालेर्मोचं नामांकित मैदान. डिसेंबर २०१६ मध्ये तिथला अव्वल खेळाडू अडोल्फो कांबियासो अर्जेंटिना ओपनच्या अंतिम सामन्यात क्वार्तेतेरा या एकाच घोडीच्या सहा क्लोनवर बसून खेळला आणि त्याचा संघ ला दोल्फिना जिंकला. असे घोडे जगात मूठभर. जगातला बहुतेक पोलो कमी हँडिकॅपच्या, म्हणजे कौशल्याचं मानांकन कमी असलेल्या खेळाडूंचा, चार चकरचा (चकर म्हणजे सामन्याचा एक डाव), आणि अनेकदा भाड्याच्या घोड्यांवरचा असतो. तिथे लगाम धरणारा एक, मालक दुसरा, आणि घोड्याला खऱ्या अर्थानं ओळखणारा मोतद्दार तिसरा. पाय गरम लागतोय हे मोतद्दाराला सकाळीच कळलेलं असतं, पण ‘आज हा खेळणार नाही’ म्हणायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नसतो.

पंचांचं म्हणाल, तर त्यांच्याबद्दल मला आदर आहे. घोड्यावरचे दोन पंच आणि मैदानाबाहेरचा तिसरा, एवढ्यांनी २७४ मीटर लांब मैदानावरचे आठ खेळाडू आणि एक छोटा चेंडू सांभाळायचा. रक्त दिसलं, घोडा लंगडला, चाबूक जास्त चालला, हे ते पाहू शकतात आणि त्यांनी खेळ थांबवलाच पाहिजे. हर्लिंगहॅम या ब्रिटिश पोलो संघटनेच्या परंपरेतल्या नियमांत एक गोष्ट मला फार आवडते: घोडा पडला किंवा लंगडू लागला की पंचानं तत्काळ खेळ थांबवायचा, पण खेळाडू नुसताच पडला आणि त्याला इजा नसली, तर चेंडू कुणाच्याच फायद्याच्या नसलेल्या जागी येईपर्यंत खेळ चालू राहू शकतो. घोड्याचा विचार नियमातच माणसाच्या आधी केलेला आहे.

पण नाकपट्टी किती आवळली आहे, गॅग बिटनं, म्हणजे तोंडातल्या कडक लगामाच्या कडीनं, तोंडाच्या कोपऱ्यात जखम झाली आहे का, मागच्या चकरनंतर श्वास पूर्ववत झाला का, हे पळत्या घोड्यावरच्या पंचाला दिसणार कसं? आणि पुष्कळ ठिकाणी आजचा पंच हा उद्याचा खेळाडू असतो. ज्याच्याविरुद्ध आज फाउल द्यायचा, त्याच्याच संघातून उद्या खेळायचं. ब्रिटन आणि अमेरिकेत संघटनांनी व्यावसायिक पंच नेमले ते यासाठीच.

‘नियमांनी खेळ मंदावतो’ हे तर सरळ उलटं आहे. पोलो वेगात खेळता येतो तो चेंडूच्या रेषेच्या नियमामुळे. मारलेला चेंडू ज्या रेषेत जातो, त्या रेषेवर चेंडू आपल्या उजव्या हाताला ठेवून येणाऱ्याचा हक्क पहिला. त्याच्या पुढून धोकादायकपणे कुणी रेषा ओलांडायची नाही. मॅलेट, म्हणजे चेंडू मारायची लांब काठी, उजव्याच हातात धरायची सक्तीही त्यातूनच आली, कारण समोरासमोर येणाऱ्या दोघांपैकी एक डावखुरा असला तर दोन्ही घोडे एकाच जागी पोचतात, आणि तेही चौखूर. हा नियम काढून पाहा. एकही शहाणा माणूस घोडा पळवायला धजावणार नाही.

अलीकडचं उदाहरणही आहे. चेंडू जवळ ठेवून जागच्या जागी गोल गोल वळत राहायचं, प्रतिस्पर्धी अंगावर आला की फाउल मिळवायचा, ही शैली बोकाळली होती. घोड्याच्या तोंडाला आणि मागच्या पायांना ती जाचक, आणि पाहणाऱ्याला कंटाळवाणी. संघटनांनी त्यावर निर्बंध आणले ते चेंडू पुढे जावा, खेळ मोकळा व्हावा म्हणून. म्हणजे नियमानं खेळ वेगवान केला आणि घोड्याचा त्रासही कमी केला.

प्रत्येक देशाची संघटना वेगळी, मग एकसारखे नियम कसे होणार, असंही कुणी त्या मजकुराला जोडतं. आंतरराष्ट्रीय पोलो महासंघ १९८२ पासून आहे. मैदानावरचे नियम जुळवता येतात, तर औषधांची यादीही जुळवता येईल.

उरला खेळाडूंनी पत्करलेला धोका. धोका पत्करायला शुद्धीवरचा मेंदू लागतो. डोक्याला मार बसलेला खेळाडू उठून ‘मी ठीक आहे’ म्हणतो, तेव्हा ते ठरवणारा अवयवच दुखावलेला असतो. म्हणून मेंदूला धक्का बसल्याची शंका आली की त्याला बाहेर काढायचं आणि डॉक्टरनं परवानगी देईपर्यंत खेळू द्यायचं नाही, हा निर्णय त्याच्या हातातून काढून घेतलाच पाहिजे. हेल्मेटचंही तेच. जुन्या घाटाची देखणी टोपी आणि आघात-चाचणी झालेलं हेल्मेट यांतली निवड हौसेवर सोडता येत नाही.

आणि घोड्यानं तर काहीच पत्करलेलं नाही. सात मिनिटांचा चकर संपतो, घंटा वाजते, घोडे पोनी-लाइनकडे, म्हणजे मैदानाकडेला घोडे बांधायच्या जागेकडे येतात, खेळाडू दुसऱ्या घोड्यावर झेप घेऊन निघून जातो. त्या वेळी तिथे एक पशुवैद्य उभा असावा, त्यानं पायावरून हात फिरवावा, श्वास मोजावा, आणि ‘हा आता परत जाणार नाही’ असं तो म्हणाला तर मालक, कर्णधार किंवा पुरस्कर्ता यांपैकी कुणालाही तो शब्द फिरवता येऊ नये. प्रत्येक क्लबच्या प्रत्येक सामन्याला एवढं हवं, टीव्हीवर दिसणाऱ्या अंतिम सामन्याला तर हवंच.