"एल्कला मॅग्नमच लागते" हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांसाठी

परवा रात्री भाच्याचा फोन आला, "मामा, माझी रायफल विकून टाकू का?" मला कळेचना. डेन्व्हरला येऊन त्याला दोन वर्षं झाली, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, यंदा पहिल्यांदा एल्कच्या (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) मादीचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, मिळालाय आणि अख्खा उन्हाळा माझ्याबरोबर रेंजवर येऊन त्याने ३०-०६ काडतुसाच्या रायफलवर हात बसवलाय. शिकारीला तीन आठवडे राहिले असताना आता रायफल बदलायची? कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज, जो त्याला चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की एल्कला ३०० विन मॅगच्या (जास्त दारूचं, जोरदार मॅग्नम काडतूस) खाली काही चालतच नाही, मॅग्नम असली की नेम थोडा इकडेतिकडे झाला तरी जनावर जागच्या जागी बसतं, गोळी आरपार गेली तर तिची ताकद वाया जाते आणि ६.५ क्रीडमोर या त्याहून हलक्या काडतुसाने एल्क मारणं कोलोरॅडोत बेकायदेशीर आहे.

आधी बेकायदेशीरचं बघू, कारण ते दोन मिनिटांत संपतं. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफची नियमावली फुकट मिळते, कुणीही उघडून वाचावी. एल्कसाठी सेंटरफायर रायफल (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणारी), कमीत कमी .२४ कॅलिबर, म्हणजे इंचातली जाडी, गोळी कमीत कमी ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि आत जाऊन फुलणारी, शंभर यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा. क्रीडमोरची गोळी .२६४ इंचाची, १४३ ग्रेनची घेतली तर शंभर यार्डांवर दोन हजारांच्या आसपास भरते. झालं की. एल्कसाठी १५०० फूट-पाउंड हवेतच असा जो आकडा सगळे तोंडावर फेकतात तो शिकाऱ्यांमधला ठोकताळा आहे, कायदा नाही.

आता ज्या वाक्यामुळे मी हे लिहायला बसलो ते. "नेम थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं." नाही चालत! एल्कची मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास, नर तीनशेच्या वर. असं जनावर गोळीच्या धक्क्याने आडवं होत नाही, फुप्फुसं फाटून रक्त गेलं की पडतं, आणि दोन्ही फुप्फुसांतून व्यवस्थित गोळी गेली तरी पन्नास-शंभर यार्ड पळून मग पडतं. पोटात लागली तर ती कुठल्याही काडतुसातून आली असली तरी पोटातच लागलेली असते.

पाच वर्षांपूर्वी कोलोरॅडोतल्याच मीकर गावाच्या पूर्वेला, फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांच्या बाजूला आमच्या कॅम्पमध्ये हे झालंय. ओळखीतलाच एकजण, नवीकोरी ३०० विन मॅग, पावणेदोनशे यार्डांवर आडवी उभी असलेली मादी. गोळी हातभर मागे लागली. अ‍ॅस्पेनच्या पडलेल्या पानांवर काळपट रक्त आणि त्यात हिरवट चोथा, ते बघितल्यावरच पोटात गोळा आला, कारण फुप्फुसाचं रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं. अंधार पडेपर्यंत माग काढला, नाही सापडली. सकाळी सापडली तेव्हा कोल्ह्यांनी मागून खाल्ली होती आणि उरलेलं मांस मांडीच्या हाडापाशी आंबलं होतं, एल्कची कातडी इतकी जाड की थंडीतसुद्धा आतली गर्मी बाहेर पडत नाही. एक अख्खं जनावर रात्रभर तडफडून गेलं आणि घासभरही कुणाच्या ताटात आलं नाही.

गोळी मागे का गेली ते नंतर रेंजवर कळलं. त्याला न सांगता मॅगझिनमध्ये एक डमी काडतूस घातलं. त्याने ट्रिगर ओढला, बार झालाच नाही, आणि नळी मात्र झपकन खाली आणि डावीकडे गेली. डोळे घट्ट मिटलेले. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याला तो आधीच दचकत होता. त्याच वजनाच्या ३०-०६ पेक्षा ३०० विन मॅगचा धक्का सव्वा ते दीडपट असतो, आणि वर्षाला एक डबा काडतुसं उडवणाऱ्या माणसाला तो सवयीचा होत नाही.

आणि नुसत्या मॅग्नमने सगळं भागलं असतं तर नोझलरची पार्टिशन गोळी जन्मालाच आली नसती. जॉन नोझलर १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (एल्कहूनही दांडगं हरीण) शिकारीला गेला होता, हातात ३०० एच अँड एच मॅग्नम, म्हणजे त्या काळातली दणदणीत चीज. चिखलाने माखलेल्या मूसवर गोळ्या वरच्यावरच फुटल्या, आत गेल्याच नाहीत. परत येऊन त्याने मध्ये तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली, पुढचा भाग फुलला तरी मागचा आत घुसत राहील अशी, आणि १९४८ मध्ये ती विकायला आणली. म्हणून पोरांना काडतुसाचं नाव विचारण्याआधी त्यात गोळी कुठली आहे ते विचारा.

आरपारचं तर उलट आहे. दुसऱ्या बाजूने भोक पडलं की जमिनीवर रक्त सांडतं, माग लागतो. मला तर आरपारच हवी.

बरं, एक गोष्ट मान्य करतो, खुशीने नाही पण करतो. ३०० विन मॅग १८० ग्रेनची गोळी ३०-०६ पेक्षा सेकंदाला अडीचशे-एक फूट जास्त वेगाने फेकते, त्यामुळे ३०-०६ पेक्षा शंभर-दीडशे यार्ड जास्त लांबपर्यंत तेवढीच ताकद राहते, आणि खांद्याच्या हाडावर लागली तर जड गोळीचा फायदा होतोच. चारशे यार्डांवर खरोखर नेम धरता येणाऱ्याने जरूर वापरावी. शिवाय २४३ ही छोट्या काडतुसाची रायफल कायद्यात बसते म्हणून नवख्याच्या हातात ती देऊन एल्कमागे पाठवणार नाही मी, तिथे चुकीला जागा फारच कमी उरते. पण २७०, ३०८, ३०-०६, ७ एमएम-०८, असल्या साध्या काडतुसांनी लोक पिढ्यान् पिढ्या एल्क घरी आणतायत, ३०-०६ तर १९०६ पासूनची आहे.

भाच्याला सांगितलंय रायफल विकायची नाही. शनिवारी रेंजवर जातोय, ऑक्टोबरला जी वापरणार तीच १८० ग्रेनची काडतुसं घेऊन. बाकावरून नाही, खाली बसून आणि गुडघ्यावर, समोर फुप्फुसांच्या जागी नऊ इंची कागदी ताटली. जिथून पाचच्या पाच ताटलीत बसत नाहीत तिथून जनावरावर बार टाकायचा नाही एवढं ठरलंय. गेल्या खेपेला दोनशे यार्डांवर पाचातल्या चार बसल्या, त्यामुळे सध्या त्याची हद्द दीडशे.