‘फोन घ्या, बंद गिरणीत शिरा’: या फॉरवर्डचं काय करायचं?

सिनेमावाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरून फिरून येतोय. सार असं: फाउंड फुटेज भयपटाला (म्हणजे पात्रांनीच शूट केलेलं, नंतर कुणाच्या तरी हाती लागलेलं चित्रण म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सिनेमाला) ना कथा लागते, ना नट, ना साउंड. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ ६० हजार डॉलरांत झाला, ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ १५ हजारांत. तेव्हा पडक्या जागा धुंडाळणारा एखादा यूट्यूबर हिरो घ्या, रात्री मुंबईतल्या बंद गिरणीत शिरा, फोन हलवा आणि करोडो कमवा. मी साउंडचं काम करतो, त्यामुळे कुठे डोकं तापलं ते सांगायला नको. ते शेवटी घेतो.

आकडे खोटे नाहीत, अर्धे आहेत. ‘ब्लेअर विच’चं शूटिंग १९९७च्या ऑक्टोबरात आठेक दिवसांत उरकलं, हे खरं. पण वीसेक तासांचं फुटेज दीड तासाच्या आत बसवायला पुढे कित्येक महिने एडिटिंग चाललं. १९९९मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात वितरकाने तो उचलला, मग साउंड नव्याने मिक्स झाला आणि जाहिरातीवर कोट्यवधी डॉलर ओतले गेले. दिग्दर्शक ओरेन पेलीने ‘पॅरानॉर्मल’ स्वतःच्याच घरात आठवडाभरात शूट केला, तरी ते घर शूटिंगजोगं करण्यात आधीचे कितीतरी महिने गेले होते आणि थिएटरांत सगळीकडे लागायला २००९ उजाडलं. त्या मधल्या काळातली त्याची मेहनत १५ हजारांत धरलेली नाही. आपल्याकडे तरी कोण धरतं म्हणा!

‘फोन हलवा.’ गंमत बघा, ज्या ‘पॅरानॉर्मल’चा दाखला दिलाय त्यातले सगळ्यात भयंकर प्रसंग ट्रायपॉडवर घेतलेले आहेत. कॅमेरा ढिम्म. झोपलेलं जोडपं, उघडं दार, पडद्याच्या कोपऱ्यात पळणारे घड्याळाचे आकडे. दार हलतं का ते आपणच टक लावून बघत बसतो.

‘कथा लागत नाही’ हे तर अगदीच उलटं. भूत मागे लागलंय तर हा बाबा कॅमेरा टाकून पळत का नाही? या एका प्रश्नाचं उत्तर पटलं नाही की प्रेक्षक हसायला लागतो. पडक्या जागा धुंडाळणारा यूट्यूबर हिरो म्हणून चालतो तो त्यामुळेच: कॅमेरा बंद तर पोट बंद. २०२२च्या ‘डेडस्ट्रीम’मध्ये बदनाम झालेला स्ट्रीमर (इंटरनेटवर लाइव्ह व्हिडिओ करणारा) गेलेले प्रेक्षक परत मिळवायला झपाटलेल्या घरात रात्र काढायला जातो. आपल्यालाच पळून जाता येऊ नये म्हणून गाडीचे स्पार्क प्लग काढून फेकतो, दाराला आतून कुलूप ठोकतो. कोरियाच्या ‘गोन्जियाम’मध्ये म्होरक्या बाहेर तंबूत बसून प्रेक्षकांचा आकडा दहा लाखांवर न्यायच्या नादात आत अडकलेल्या पोरांना पुढे रेटत राहतो. हे सगळं कुणीतरी कागदावर बसून रचलंय.

नटांचं थोडक्यात. ‘ब्लेअर विच’मधले तिघे ऑडिशन देऊन निवडलेले नट होते. जंगलात स्वतःच शूट करत होते, रोज मिळणाऱ्या चिठ्ठ्यांवरून संवाद जागेवर रचत होते. पाठ केलेलं बोलण्यापेक्षा हे अवघड.

गिरणीचं काय? गिरणगावातल्या बऱ्याच गिरण्यांचे मॉल आणि टॉवर झालेत. उरलेल्यांना वॉचमन आहे, आणि परवानगीशिवाय शिरलात तर तो गुन्हा आहे. कुलाब्याची मुकेश मिल इतक्या सिनेमांत आणि जाहिरातींत येऊन गेली आहे की पहिल्या फ्रेमला प्रेक्षक म्हणेल, अरे, ही तीच.

आता साउंड. फोनचा माइक आवाजाची पातळी स्वतःच ठरवतो. शांत जागी तो आवाज खेचून वर आणतो, म्हणून ऐकू येतो नुसता सूं सूं. मग किंकाळी आली की धाडकन खाली दाबतो. म्हणजे ज्या क्षणी थिएटर हादरायला हवं, नेमका तिथेच आवाज चेपून जातो. त्यामुळे अशा सिनेमात आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर नीट घ्यायचा आणि मग मिक्सिंगला तो फोनवरचा वाटावा म्हणून मुद्दाम खराब करायचा. खराब आवाज घडवायला आधी चांगला आवाज हातात असावा लागतो, हे निर्मात्यांच्या गळी उतरवता उतरवता माझे केस पिकले. शिवाय ही मुंबई आहे. शेवटची लोकल गेली की वाटतं, आता रूम टोन, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता, रेकॉर्ड करून घ्यावी. हेडफोन चढवले की मालगाडी, पाण्याचा पंप, दोन गल्ल्या पलीकडची कुत्री, लांबवर रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचं गाणं, सगळं हजर. हे पुसून पडक्या गिरणीची शांतता नव्याने उभी करायची तर ती तासाच्या भाड्याने स्टुडिओत बसून करावी लागते. फॉरवर्डच्या बजेटमध्ये त्या भाड्याची ओळच नाही.