नुसता सिलिंडर लावून भागत नाही

‘मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) इंजिनपाशी एबीसी पावडरचा सिलिंडर बसवा, काम झालं’ हा एका लेखातला सल्ला अर्धवट आहे. आग विझवणारी ही कोरडी पावडर ज्वाळा मारते, थंडावा देत नाही. चढावर टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणारा भाग) ५०० अंशांच्या वर जातो. फुटक्या पाइपातून डिझेल ठिबकत राहिलं की पुन्हा भडका. म्हणून पावडर सुटताच इंजिन बंद, बॅटरीचा कट-ऑफ ओढायचा. पंखा फिरत राहिला तर पावडर रस्त्यावरच जाणार!

नोझल टर्बो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला तापलेला धूर गोळा करणारा पाइप) आणि डिझेल फिल्टरवर रोखा. डिटेक्शन ट्यूब (आगीच्या उष्णतेने फुटून पावडर सोडवणारी नळी) वरून न्या, मॅनिफोल्डला टेकू देऊ नका. सोलापूरचा मे म्हणजे बाहेरच ४३-४४ अंश. त्यात टेंभुर्णीला चहासाठी गाडी बंद केली की वारा थांबतो आणि इंजिनची खोली आणखी तापते. कमी तापमानाची ट्यूब घेतलीत तर नेमकी तेव्हा फुटेल, आग नसताना.

गेजचा काटा हिरव्यात असला तरी फक्त दाब कळतो. हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. दर सहा महिन्यांनी ट्यूबचा बॉल व्हॉल्व्ह (ट्यूब आणि सिलिंडरमधली चावी) बंद करून सिलिंडर उतरवा, उलटा करून हलवा. आत काही सरकलं नाही तर रिफिलिंगला द्या. परत लावल्यावर तो व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका, बरेच फिटर विसरतात.