रोजची भाकर, आजच्यापुरती

गेल्या आठवड्यात आमच्या घरी प्रार्थनासभा झाली. यजमानांची नोकरी जाऊन तेव्हा सात महिने झाले होते, आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांनी निघताना एकच वाक्य उच्चारले, ‘चिंता करू नका, देव पुरवील.’ वाक्य खोटे नाही; मीही ते इतरांना अनेकदा म्हटले आहे. मात्र या वेळी ते माझ्याच वाट्याला आले, तेव्हा जाणवले की हे ज्याच्या डब्यातले पीठ संपत आले आहे त्याने म्हणायचे असते. भरल्या डब्याच्या माणसाने ते दुसऱ्याला ऐकवले, तर पुष्कळदा ती हात आखडता घेण्याची सोज्वळ रीत ठरते.

त्या रात्री मला पंडिता रमाबाई आठवल्या. आपल्या ख्रिस्ती मंडळीत त्यांचे नाव घेतले जाते ते पुण्याजवळच्या केडगावी निराधार स्त्रिया व मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती सदनासाठी. परंतु त्यांच्या विश्वासाची गोष्ट त्याच्या पुष्कळ आधी, मद्रास इलाख्यातील दुष्काळात सुरू होते असे मला वाटते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे. जवळचा पैसा त्यांनी दानधर्मात आणि अनुष्ठानांत खर्च केला, आणि जे हवे होते ते आले नाही. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास मागे उरले आणि पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. पुढे दोन वर्षांत भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. म्हणजे देव पुरवतो असे ज्या स्त्रीने पुढे आयुष्यभर सांगितले, तिने तो न पुरवल्याचा अनुभव आधी पोटाने घेतला होता. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी ती भूक त्या विसरल्या नाहीत.

म्हणूनच 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींची बातमी कानी येताच, त्यांच्यासाठी प्रार्थना करून त्या घरी बसल्या नाहीत; स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात त्यांना ठेवणे शक्य नव्हते, तेव्हा उत्पन्नासाठी घेतलेली केडगावची शेतजमीन कामी आली. अमेरिकेतील बोस्टनच्या मंडळाने शारदा सदनासाठी, म्हणजे रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेसाठी, दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचनही नेमके याच सुमारास संपत होते. खाणारी तोंडे वाढली आणि ठरलेली मिळकत थांबली! इतका अवघड हिशेब कोणत्याही संसारी बाईला घाम फोडील. रमाबाईंनी रोजच्या गरजा देवापुढे मांडल्या, आणि त्याच हातांनी विहिरी खणवल्या, शेत पिकवले, मुलींना विणकाम व छपाई शिकवली. प्रार्थना आणि पहार यांत त्यांना विरोध दिसला नाही. 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या मुलींची संख्या हजाराच्या वर गेली.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ असे म्हणतो. लहानपणापासून म्हणत आले, पण त्यातला ‘आज’ मला या सात महिन्यांत ऐकू आला. आम्ही खेड्यात होतो तेव्हा उरलेली भाकर सकाळी दुधात चुरून खायचो. कणगीत वर्षाचे धान्य असायचे. शहरात पगाराची तारीख हीच कणगी झाली आणि ती रिकामी झाली तशी मी देवाकडे पुढच्या वर्षाची हमी मागू लागले. ती मिळाली नाही. त्याऐवजी एका शिकवणीचे काम मिळाले. आणि सभेत गप्प बसलेल्या एका आजींनी दुसऱ्या दिवशी, काही न बोलता, दहा किलो ज्वारी दाराशी ठेवली. ती देवाकडून आली की आजींकडून, असा प्रश्न धाकट्याने विचारला. मला उत्तर देता आले नाही, पण दोघांचेही आभार मानण्यात मला अडचण वाटली नाही.

ज्यांची प्रार्थना अशी फळली नाही त्यांचे काय, हा प्रश्न मी टाळत नाही. रमाबाईंच्या आईवडिलांचा विश्वास त्यांच्या मुलीच्या विश्वासापेक्षा उणा होता असे म्हणण्याची माझी छाती नाही, आणि कोणी तसे म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालीन. देव सोबत असतो याचा अर्थ तो दर वेळी संकट टाळतो असा मी आता लावत नाही. रात्री पैशांचा हिशेब मांडताना मी एकटी नसते, एवढेच मला खात्रीने सांगता येते.

या महिन्याचे भाडे भरले आहे. पुढच्या महिन्याचे अजून ठरलेले नाही. यजमान उद्या एका ठिकाणी मुलाखतीला जाणार आहेत, त्यांचा सदरा मी आताच इस्त्री करून ठेवला.