मास्क खराब होतो ना!

फ्लूची लस टोचून घ्यायला गेलो आणि फ्लू घेऊन आलो. प्रकरण एवढंच आहे. पण घरीदारी सगळ्यांनी ते "लस घेतली म्हणून फ्लू झाला" असं वाचलंय, त्यामुळे खुलासा करणं भाग आहे. अंगात अजून कणकण आहे, तेव्हा खुलासा जरा चिडका होईल.

दवाखान्यात माझ्या शेजारी एक सद्गृहस्थ येऊन बसले. आल्याआल्या त्यांनी खिडकी लावून घेतली. "वारं बाधतं हो." खोली छोटी, माणसं आठ-दहा, त्यातली निम्मी खोकणारी. खोकल्या-शिंकेतले जाड तुषार थोड्या अंतरावर खाली बसतात, बारीक थेंब मात्र हवेत रेंगाळतात. त्यांना पांगवायचा फुकटातला इलाज म्हणजे उघडी खिडकी. तीच नेमकी बाधते.

गृहस्थांनी मास्क लावला होता, पण हनुवटीला. मी सहज विचारलं, बरं नाही का?

"काही नाही हो, साधी सर्दी. काल दुपारी तीनपर्यंत ठणठणीत होतो. साडेतीनला हुडहुडी भरली, चारला अंग असं ठणकायला लागलं की कंगवा उचलवेना."

साधी सर्दी अशी घड्याळ लावून येत नाही. ती आधी घसा खवखवून वर्दी देते, मग नाक गळतं, मग दोन दिवस रखडते. एकाएकी ताप, थंडी, डोकं ठणकणं, हाडं मोडल्यासारखं वाटणं आणि कोरडा खोकला, ही सगळी फ्लूची वरात. मी तसं हळूच सुचवलं.

"छे, फ्लू कुठला! मला फ्लू होतच नाही." (ज्याला कधीच फ्लू होत नाही, त्याला दरवर्षी 'साधी सर्दी' होते. विषाणूही अशाच माणसांच्या शोधात असतो.)

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण त्यांनी मास्क नाकावर चढवला. तेवढ्यात त्यांना शिंक आली. ती येणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मान वर गेली, डोळे मिटले, एक बोट 'जरा थांबा' म्हणून हवेत उभं राहिलं, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी तो नुकताच चढवलेला मास्क खाली ओढला. पार गळ्यापर्यंत. मग शिंकले. तीनदा. पहिल्या दोन मोकळ्या हवेत, तिसरी तळहातात. नंतर मास्क जागेवर बसवला, नाकावरची तार चिमटीने नीट दाबली आणि त्याच हाताने माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "मास्क खराब होतो ना!"

"अहो, पण मास्क त्यासाठीच असतो."

"नाही नाही. मास्क बाहेरचे जंतू आत येऊ नयेत म्हणून. आतले बाहेर गेलेलेच बरे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आतले बाहेर गेले होते, हे मान्यच करावं लागत होतं.

शिंकायचंच तर रुमालात शिंकावं, नाहीतर कोपराच्या खोबणीत. तळहातात कधीच नाही. कारण कोपराने कोणी दाराची कडी उघडत नाही. स्टीलवर, प्लास्टिकवर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरतो. हातावर तो काही मिनिटांचाच पाहुणा, पण तेवढ्यात हात नाकाकडे, डोळ्यांकडे जातोच. म्हणून साबण लावून 20 सेकंद हात धुवायचे, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे धरून. पाणी नसेल तर निदान 60 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर, हात कोरडे होईपर्यंत चोळून. गृहस्थांकडे बाटली होती. एक थेंब घेतला, नमस्कार केल्यासारखे तळवे जुळवले आणि उरलेलं पँटला पुसलं.

मला आत बोलावलं, दंडात अर्धा मिलिलिटर लस गेली, घरी आलो. तिसऱ्या दिवशी ताप 102.

आता हिशेब बघा. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून 1 ते 4 दिवसांत, बहुतेक वेळा दोनच दिवसांत, रंग दाखवतो. लसीचं संरक्षण उभं राहायला लागतात साधारण दोन आठवडे. या दोन दिवस आणि दोन आठवड्यांच्या फटीत ते गृहस्थ मास्क खाली ओढून उभे आहेत, आणि बोल मात्र लसीला. टोचायच्या नेहमीच्या लसीत विषाणू मेलेला असतो किंवा त्याचे नुसते तुकडे. दंड दुखेल, एखादा दिवस कसकस वाटेल, पण मेलेला विषाणू फ्लू देऊ शकत नाही. मी हे घरात तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "मग आधी का नव्हता ताप?"

चूक माझीही आहे. लस साथीच्या आधी घ्यायची असते, आजूबाजूला सगळे खोकायला लागल्यावर नाही. दरवर्षी घ्यावी लागते, कारण हा विषाणू सारखे कपडे बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये, नवी लस कोणत्या वाणांची असावी ते सुचवते. अंदाज चांगला जुळला तरी दवाखाना गाठायची वेळ 40 ते 60 टक्क्यांनीच कमी होते. कुणी म्हणेल, एवढंच? गरोदर बाई, पासष्टीपुढचे, दम्याचे, मधुमेहाचे, हृदयाचे रुग्ण यांना विचारा. त्यांच्यासाठी फ्लू म्हणजे चार दिवसांची रजा नसते.

सगळ्यात वात आणला तो सल्ल्यांनी. एकाने सांगितलं, पॅरासिटामॉल घे आणि वर ही सर्दीची गोळी. त्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉलच होतं! धडधाकट मोठ्या माणसाला एका वेळी 500 मिलिग्रॅम ते 1 ग्रॅम, दोन डोसांमध्ये 4 ते 6 तासांचं अंतर, आणि 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर अजिबात नाही. वर गेलं की यकृत बसतं, तेही आधी काही न जाणवता. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची, डोकं दुखत असलं तरी. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन नाही म्हणजे नाही. त्यातून राय सिंड्रोम होऊ शकतो, त्यात मेंदू आणि यकृत दोन्ही धोक्यात येतात. दुसरा म्हणाला, अँटिबायोटिकचा कोर्स मारून टाक. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूला त्याचं सोयरसुतक नाही. हां, उतरलेला ताप दोन दिवसांनी परत चढला, खोकला वाढला, तर मात्र मागून जिवाणूंचा न्यूमोनिया शिरला असेल, तेव्हा डॉक्टरच ते देतील. आणि धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, बरळणं, दिवसभर लघवी न होणं यांतलं काहीही दिसलं तर मित्रांना फोन करत बसू नये. थेट इस्पितळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्याच दवाखान्यात. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तरच त्याचा चांगला उपयोग. पेशीत तयार झालेले नवे विषाणू ते बाहेर सुटू देत नाही. एकदा सगळीकडे पसरले की अडवायला उरतं काय? डॉक्टरांनी दहा कॅप्सूल दिल्या, 75 मिलिग्रॅमच्या, सकाळ-संध्याकाळ पाच दिवस. बाहेर आलो तर बाकावर कोण? तेच! खिडकी बंद.

"बरं वाटतंय का आता?" मी विचारलं.

"एकदम! गोळी घेतली की ताप येतच नाही." ताप उतरवायची गोळी न घेता 24 तास ताप नसला, तरच बाहेर पडावं. आजारी माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस विषाणू वाटत असतो. त्यांचा हा पाचवा दिवस. वाटप चालूच होतं.

"तुम्ही त्या दिवशी लस घेतलीत ना? तरीच. मी बोलणारच होतो," ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या कॅप्सूल बघून आवाज खाली आणून म्हणाले, "दोन दिवसांत बरं वाटेल. उरलेल्या टाकू नका. ठेवून द्या, कामाला येतात."

कोर्स पूर्ण करायचा असतो, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मलाच शिंक आली. मी मान फिरवली आणि मास्क नाकावर तसाच ठेवून शिंकलो. एक, दोन, तीन. ओला झालेला मास्क लगेच बदलायचा असतो, आणि जादा मास्क माझ्या खिशात नव्हता.

गृहस्थ माझ्याकडे टक लावून बघत होते. काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

मास्क खरंच खराब होतो.