फिलरनंतरचा निळसरपणा : बर्फ लावून थांबायचे की जेल विरघळवायचे?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. डोळ्यांखाली फिलर (खळगा भरण्यासाठी सुईने टोचलेले जेल) घेतल्यावर राहणारा निळसरपणा म्हणजे साधे काळेनिळे पडणे असून तो बर्फाने आणि धीराने जातो, आणि जेल विरघळवण्याचा सल्ला देऊन मी वाचकांना घाबरवते व डॉक्टरांची बिले वाढवते, असा आपला आक्षेप आहे. पहिल्या पंधरवड्यापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. सुईने बारीक रक्तवाहिनी दुखावली, की साकळलेले रक्त आधी जांभळे, मग हिरवट, मग पिवळट होत साधारण दोन आठवड्यांत विरून जाते, आणि तोवर त्याला हात न लावणेच उत्तम.

माझा लेख मात्र महिनोन् महिने एकाच छटेत टिकून राहणाऱ्या निळसरपणाविषयी होता. खालच्या पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्या लगेच खाली फिलरमधले हायलुरॉनिक आम्लाचे पारदर्शक जेल साचले, तर प्रकाशातला निळा भाग तिथे अधिक विखुरतो आणि तोच पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे परततो. एकोणिसाव्या शतकातील आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडाल यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. हा रंग मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याचा, नसल्यामुळे ब्राइटनिंग क्रीमने तो हटत नाही. उलट सतत चोळल्याने सावळ्या त्वचेवर तपकिरी डाग उठतात आणि एकाच्या जागी दोन दुखणी होतात. पापणी हलकेच ताणून पाहिली, तर मेलॅनिनचा तपकिरीपणा फारसा बदलत नाही, रक्तवाहिन्यांचा जांभळेपणा गडद होतो, आणि जेल वर साचले असेल तर पुष्कळदा मऊ, लांबट फुगवटा बोटाला लागतो. (अर्थात, अंतिम निदान आरशावर सोपवू नये.)

जेल विरघळवणारे विकर (एन्झाइम) हायलुरोनिडेज ‘स्वतःचे मांसही खाते’ ही आपली भीती निराधार म्हणता येणार नाही, कारण ते शरीरातील हायलुरॉनिक आम्लही मोडते. पण शरीर ते सतत नव्याने तयार करत असते. नेत्रतज्ज्ञ हेच विकर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भुलीच्या इंजेक्शनात मिसळत आले आहेत. थोडी मात्रा द्यावी, सूज ओसरू द्यावी आणि गरज पडली तरच पुन्हा द्यावी. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या डंखाने ज्यांना तीव्र ॲलर्जी झाली असेल, त्यांनी ते आधीच सांगावे. फिलर हायलुरॉनिक आम्लाऐवजी कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटचा असेल तर हे विकर त्याला विरघळवत नाही, म्हणून इंजेक्शनच्या वेळीच उत्पादनाचे नाव लिहून घ्यावे.

आपल्या सल्ल्यातील एका भागाला मात्र माझा ठाम विरोध आहे. इंजेक्शन देताना किंवा त्यानंतर काही तासांत तीव्र वेदना झाल्या, त्वचा पांढरी पडली, तिच्यावर जाळीदार निळसर नक्षी उमटली किंवा दृष्टी अंधुक झाली, तर बर्फ लावून थांबू नये. धमनी अडल्याची ती लक्षणे असू शकतात, आणि दृष्टीचा प्रश्न असेल तर मिनिटेही मोलाची असतात.

बिलाविषयी एवढेच, की विरघळवल्यानंतर बहुतेकांना मी ती जागा पुन्हा भरू नका असे सांगते. ज्यांना भरायचीच असेल त्यांनी निदान दोन आठवडे थांबावे, आणि पाणी कमी ओढणारे जेल, कमी मात्रेत, हाडालगत खोलवर देणाऱ्या डॉक्टरांकडे जावे.