राष्ट्रपती भवनाबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

"1858 पासून सगळे व्हाइसरॉय दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात राहिले" असा मेसेज फिरतोय, तो बरोबर नाहीये. व्हाइसरॉय, म्हणजे भारतातला ब्रिटिश राजसत्तेचा प्रतिनिधी, हे पद 1858 ला लॉर्ड कॅनिंगपासून सुरू झालं हे खरं, पण तेव्हा राजधानी कलकत्ता होती आणि ते राहायचे तिथल्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, जे आधीचा गव्हर्नर जनरल वेलस्लीने 1803 पर्यंत बांधून घेतलेलं. उन्हाळा आला की सगळा लवाजमा शिमल्याला, कारकून, फायली, नोकरचाकर सगळंच, आणि 1888 ला तिथं व्हाइसरीगल लॉज झालं, त्यात त्या काळी विजेचे दिवे होते बरं का! राजधानी हलवायची घोषणा 1911 ची, त्यानंतरही बरीच वर्षं दिल्लीत ते राहिले ते आजच्या दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरू कार्यालयाच्या इमारतीत. ब्रिटिश वास्तुरचनाकार ल्युटेन्सने डिझाइन केलेल्या 340 खोल्यांच्या वाड्यात, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, पहिला राहायला गेला आयर्विन, 1931 ला, आणि त्याच वर्षी त्याची मुदत संपली. मग विलिंग्डन, लिनलिथगो, वेव्हेल, माउंटबॅटन. पाचच जण! राष्ट्रपती भवनाच्या अधिकृत इतिहासातही 1931 हेच साल आहे. मुलं हे वाचून परीक्षेत लिहितात म्हणून सांगतेय, प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, ग्रुपवर टाकला असेल तर डिलीट करा.